स्टँडबायचा फोन केव्हाही येतो, तयारी कशी ठेवू?

प्रश्न : मी नुकतीच केबिन क्रू म्हणून रुजू झाले. डोंबिवलीत आई-बाबांकडे राहते. घरून स्टँडबाय, म्हणजे फोन आला की उड्डाणाला जायची तयारी, असला की ना झोप लागते, ना जेवण जातं. काय करू?

उत्तर : आधी प्रवासाचं बघा. मध्यरात्रीनंतर लोकल बंद असतात, तेव्हा डोंबिवलीहून विमानतळ गाठायला किती वेळ लागतो, हे एकदा रात्री जाऊन पाहा. कंपनीची गाडी तुमच्या भागात येते का, हेही विचारा. दिलेल्या वेळेत पोहोचणं जमणार नसेल, तर स्टँडबायच्या दिवशी अंधेरी-पार्ल्याकडे मैत्रिणीकडे राहणं उत्तम.

बॅग आदल्या रात्रीच भरा. नागपूरला जाऊन लगेच परत यायचं की श्रीनगरच्या थंडीत मुक्काम, हे आधी कळत नाही. म्हणून एक स्वेटर, जादा स्टॉकिंग्ज आणि कोरडा खाऊ कायम बॅगेत असू द्या. पासपोर्ट आणि विमानतळाचा पास एकाच कप्प्यात.

झोपेबद्दल आग्रहाने सांगते : फोनकडे बघत जागू नका. रिंग मोठी ठेवा, आईला सांगा आणि निवांत झोपा. स्टँडबाय म्हणजे रात्रभर पहारा नव्हे. अंगात ताप किंवा खरोखर थकवा असेल, तर फोनवरच स्पष्ट सांगा. कारण आणीबाणीत प्रवाशांना बाहेर काढायचं काम तुमचंच आहे.

उड्डाणाआधीचे १२ तास मद्य वर्ज्य, हे तुम्हाला माहीत असेलच. पण अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही. त्याच कारणाने, होमिओपॅथीचं औषध चालू असेल, तर कंपनीच्या डॉक्टरांना आधीच विचारा.