पायथॉनमधील 'टाइप हिंट' : जुन्या कोडमध्ये कशा लिहायच्या?



समजा, शाळेच्या निकालाची वेबसाइट पायथॉनमध्ये बनवली आहे. फॉर्ममध्ये भरलेले गुण सर्व्हरकडे अंक म्हणून नाही, तर मजकूर म्हणून पोहोचतात. त्यामुळे ४५ आणि ४० यांची बेरीज ८५ न येता '४५४०' येऊ शकते! मुलाचा निकालच चुकला की नाही?

यासाठी टाइप हिंट उपयोगी पडते. फंक्शनमध्येच लिहायचं, 'गुण : इंट', म्हणजे इथे पूर्णांकच हवा. २०१५ च्या पायथॉन ३.५ पासून याची प्रमाण पद्धत ठरली.

पण लक्षात घ्या, पायथॉन स्वतः ही नोंद तपासत नाही. त्यासाठी 'मायपाय' हे वेगळं साधन चालवावं लागतं. प्रोग्राम न चालवताच ते चूक दाखवतं.

जुन्या कोडचं काम असं करा :

१. सगळ्या फाइल एकदम घेऊ नका. हिंट असलेला आणि नसलेला कोड एकत्र चालतो.

२. फॉर्ममधली माहिती घेणारं फंक्शन आधी घ्या. हिंट नसलेलं फंक्शन मायपाय आतून तपासत नाही, तशी सेटिंग केली तरच तपासतं.

३. गैरहजर मुलाच्या गुणांची जागा 'नन', म्हणजे रिकामी, असू शकते. तेही हिंटमध्ये लिहा. गैरहजर म्हणजे शून्य गुण नव्हे, हे आपल्याला माहीतच आहे.

'फ्लास्क' हे वेब फ्रेमवर्क २०१० पासूनचं. त्यात हिंट आल्या २०२१ मध्ये. तेव्हा जुना कोड आहे म्हणून थांबू नका. आज एकच फंक्शन घ्या.