कल्पित गोष्ट आणि खरी क्षमा

गेल्या पावसाळ्यांत विसरवाडीजवळच्या एका घरीं सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर आम्हीं एका ख्रिस्ती कादंबरीचा थोडा भाग वाचून दाखविला. मंडळी मन लावून ऐकत होती. वाचन संपल्यावर एका वृद्ध बंधूंनीं विचारिलें, "पाळकसाहेब, हीं माणसें खरोखर होऊन गेलीं काय?" आम्हीं म्हटलें, "नाहीं, ही लेखकानें रचलेली गोष्ट आहे." तेव्हां ते म्हणाले, "मग जें घडलेंच नाहीं तें प्रार्थनेच्या वेळीं कां वाचावें?" प्रश्न साधा असला तरी टाळण्याजोगा नाहीं. आज ख्रिस्ती गोष्टी पुस्तकांतून येतात, तशा मोबाइलवरूनही येतात. त्या कशा पारखाव्या याचा विचार प्रचारकबंधूंनीं व मंडळ्यांनीं करावा, या हेतूनें हा पाठ लिहीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, रचलेली गोष्ट म्हणजे लबाडी नव्हे. लबाड मनुष्य ऐकणाऱ्यास फसवावें म्हणून बोलतो. दृष्टांत सांगणारा ऐकणाऱ्यास स्वतःचें अंतःकरण दिसावें म्हणून बोलतो. नाथान संदेष्ट्यानें दावीद राजाला गरिबाच्या कोंकरीची गोष्ट सांगितली. ती कोंकरी कोठेंच नव्हती, परंतु दावीदाचें पाप खरें होतें, आणि त्या गोष्टीनेंच तें उघड झालें. आपल्या प्रभूनेंही उधळ्या पुत्राचें नांव किंवा गांव सांगितलें नाहीं. तरी आजवर किती तरी लोकांनीं त्या मुलांत स्वतःस ओळखिलें आहे.

परंतु गोष्टींत ख्रिस्ताचें नांव आहे एवढ्यावरून ती कृपा शिकविते असें समजूं नये. तिला तीन प्रश्न विचारून पाहावे.

पहिला प्रश्न असा: या गोष्टींत कृपा आधीं येते, कीं शेवटीं मजुरीप्रमाणें मिळते? इंग्लंडांतील जॉन बन्यन यानें सुवार्ता सांगितल्याबद्दल सुमारें बारा वर्षें तुरुंगवास सोसला. त्याची यात्रेकरूची प्रसिद्ध गोष्ट १६७८ सालीं छापली गेली आणि १८४१ सालीं हरि केशवजी यांनीं ती 'यात्रिकक्रमण' या नांवानें मराठींत आणिली. त्या यात्रेकरूच्या पाठीवर पापाचें ओझें असतें. तें वधस्तंभापाशीं गळून पडतें, तेव्हां त्याची पुष्कळ वाट चालावयाची राहिलेली असते. चढाची टेंकडी, मोहाचा बाजार, निराशेचा तुरुंग हीं सर्व पुढेंच आहेत. म्हणजे तो चांगला चालला म्हणून त्याचें ओझें उतरलें नाहीं. ओझें उतरलें म्हणून तो चालूं शकला. ज्या गोष्टींत मनुष्य आधीं सुधारतो व मग देव त्याला जवळ करितो, ती कितीही गोड असली तरी कृपेची गोष्ट नव्हे.

दुसरा प्रश्न असा: या गोष्टींतील विश्वास सुखावांचून टिकतो काय? याचें उत्तम उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालीं बेळगांवीं झाला. १८५४ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून त्याची गणना होते. यमुना व तिचा पति विनायक प्रवासास निघतात आणि ठिकठिकाणीं विधवांचे हाल पाहतात व ऐकतात. दोघांचाही ओढा ख्रिस्ताकडे आहे. पुढें विनायक मरण पावतो, आणि जें दुःख यमुनेनें इतरांच्या घरीं पाहिलें तेंच तिच्या वांट्यास येतें. शेवटीं ती उघडपणें ख्रिस्ताची होते व पुनर्विवाह करिते.

येथें दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. विश्वास ठेविला म्हणून विनायकाचें मरण टळलें नाहीं. आज कित्येक गोष्टींत प्रार्थना होते आणि लागलीच आजार जातो, कर्ज फिटतें, नोकरी लागते. मग ज्याचें मूल दुखण्यांतून उठलें नाहीं त्या विश्वासू बापानें काय समजावें? दुसरें असें कीं, पदमनजींनीं विधवांना केवळ सोसा म्हणून उपदेश केला नाहीं. त्यांनीं त्यांचे हाल समाजापुढें मांडले आणि पश्चात्ताप करावयाचा तो अन्याय करणारांनीं, हें दाखविलें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीं, म्हणजे या पुस्तकाच्या एकच वर्ष आधीं झाला होता. परंतु कायद्यानें मन पालटत नाहीं, म्हणून गोष्टीचीही गरज होती.

तिसरा प्रश्न असा: या गोष्टींत क्षमेची किंमत कोण देतो? या प्रश्नाचें महत्त्व आम्ही स्वतः चुकून शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं एका गांवीं थोरल्या दिरानें विधवा भावजयीच्या शेताचा बांध सरकवून चार तास जमीन आपल्याकडे ओढिली होती. दोघेंही मंडळीचीं सभासद. आम्हीं त्या बाईंना उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली व म्हटलें, "बाई, बापानें क्षमा केली तशी तुम्हीही करा." त्या शांतपणें म्हणाल्या, "पाळकबाबा, तो मुलगा निदान घराकडे परत फिरला होता. आमचे भाऊजी अजून बांधावरच उभे आहेत." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं दृष्टांत खरा सांगितला होता, पण तो ज्याला सांगावयाचा त्याला न सांगतां, जिचें नुकसान झालें तिच्याच माथीं मारिला होता.

मग आम्ही त्या दिराकडे गेलों आणि जक्कयाची हकीकत वाचली. कृपा त्याच्या घरीं न बोलावितां आली, आणि ती आल्यावर त्यानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें कबूल केलें. त्या दिराशीं बोलणें एका भेटींत संपलें नाहीं. पण पुढल्या पेरणीपूर्वीं बांध मूळ जागीं आला. बाई त्यांच्या घरीं जेवावयास मात्र त्यानंतर पुष्कळ दिवसांनीं गेल्या, आणि त्याविषयीं आम्हीं त्यांना घाई केली नाहीं.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, अपराधी परत येईपर्यंत मनांत वैर बाळगावें. मत्तय १८ मधील निर्दय चाकराला न फिटणारें कर्ज सोडिलेलें होतें, तरी त्यानें थोडक्या देण्यासाठीं सोबत्याचा गळा धरिला. तो दृष्टांत आपणां सर्वांना लागू आहे. बापाचें मन मुलगा दूर असतांनाच क्षमेला तयार होतें. तसें मन आपण देवाजवळ मागावें. परंतु मन तयार असणें निराळें आणि तुटलेला संबंध जुळणें निराळें. संबंध जुळण्यास अपराध्यानेंही परत यावें लागतें. शेवटच्या पानावर एक अश्रू गाळून सर्व कांहीं मिटविणारी गोष्ट हा भेद लपविते.

प्रचारकबंधूंनो, गोष्ट अवश्य वाचा. आपल्या भागांत पुष्कळ घरांची बोली मावची किंवा भिली आहे. म्हणून मराठींत वाचून झाल्यावर तीच गोष्ट घरच्या बोलींत सांगा. शेवट सांगण्यापूर्वीं थोडें थांबा आणि विचारा, "या गोष्टींत आपण कोठें आहों?" मात्र तो प्रश्न शेजाऱ्याला विचारण्याआधीं स्वतःला विचारा. दावीदानें गोष्ट ऐकून दुसऱ्याला शिक्षा ठोठाविली होती. तो मनुष्य आपणच आहों हें त्याला मागाहून कळलें.

त्या वृद्ध बंधूंना आम्हीं हेंच उत्तर दिलें. देव करो, आणि वाचलेल्या गोष्टीनें आपणांपैकीं कोणी तरी या पेरणीपूर्वीं आपला सरकविलेला बांध मागें घेवो.