संभाव्य परिणामांची मोजणी : इयत्ता चौथीपुढील वर्गांकरिता एक पाठ

दोन नाणी एकदम उडविली असता ती किती प्रकारे पडतील, असे विचारल्यास पुष्कळ मुले ‘तीन’ असे उत्तर देतात : दोन्ही छापे, दोन्ही काटे, अथवा एक छापा व एक काटा. हे उत्तर शिक्षकांनी लगेच खोडून काढू नये. डोळ्यांना जे दिसते तेच मुलांनी सांगितलेले असते. फ्रेंच गणिती दालांबेर यांनीही १७५४ साली ज्ञानकोशातील आपल्या लेखात, नाणे दोनदा उडविल्यास निदान एकदा छापा येण्याची शक्यता तिनांत दोन अशी मांडली होती. वास्तविक ती चारांत तीन आहे. पहिल्या खेपेस छापा पडला की खेळ संपला, म्हणून प्रकार तीनच, असा त्यांचा युक्तिवाद होता. परंतु ते तीन प्रकार सारख्या योग्यतेचे नाहीत.

यावर सोपा उपाय असा की, एक नाणे रुपयाचे व दुसरे दोन रुपयांचे घ्यावे. मग रुपयावर छापा व दुसऱ्यावर काटा, आणि रुपयावर काटा व दुसऱ्यावर छापा, या दोन निरनिराळ्या घटना आहेत हे मुलांना आपोआप दिसते. एकूण परिणाम चार. नाणी चाळीस वेळा उडवून फळ्यावर खुणा करावयास लावाव्यात. संमिश्र परिणाम इतरांहून बराच अधिक वेळा पडल्याचे बहुधा आढळेल.

यापुढे खेळातील फोडलेले चिंचोके घ्यावेत. चिंचोक्याची आतली बाजू पांढरी व बाहेरची तपकिरी असते. चार दलांवर खुणा करून ती टाकल्यास २ × २ × २ × २ म्हणजे १६ परिणाम संभवतात. पांढऱ्या बाजू मोजल्या तर शून्य पांढऱ्यांचा १, एकीचे ४, दोहोंचे ६, तिहींचे ४ व चोहोंचा १. यांपैकी ‘६’ मुलांकडूनच लिहवून घ्यावा, सूत्र सांगू नये.

ही मोजणी आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त अंकपाश नावाचे प्रकरण आहे. शंख, चक्र, गदा व पद्म श्रीहरीच्या चार हातांत किती प्रकारे देता येतील, असे त्यात विचारले आहे, उत्तर २४. (संध्येतील चोवीस नावे ठाऊक असणाऱ्यांना ही संख्या परिचित वाटेल.) लगेच पुढे २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतील, असाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर ६ : २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२. दोनाच्या जागी पांढरी व एकाच्या जागी तपकिरी बाजू समजावी, म्हणजे हाच आपला चिंचोक्यांचा प्रश्न. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापिलेल्या मठाचा शिलालेख आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळील पाटणे येथे आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. परिणाम १६ असले, तरी ते सर्व समसंभव आहेत असे गृहीत धरू नये. चिंचोक्याची एक बाजू सपाट व दुसरी फुगीर असते. नाण्याप्रमाणे तो दोहों बाजूंनी सारखा नाही. एकच दल शंभर वेळा टाकून कोणती बाजू किती वेळा वर येते, हे वर्गाने स्वतः नोंदवावे आणि ती नोंद सोळा परिणामांच्या तक्त्याशेजारी लावून ठेवावी.