मधपेटीजवळ पाणी कसे ठेवावे?

प्रश्न: घरामागे सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आहेत. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते म्हणून बादली भरून ठेवतो, पण माश्या बुडून मरतात. त्याऐवजी साखरपाणीच ठेवले तर भागेल का?
– एक वाचक, घाटघर (ता. जुन्नर)

उत्तर: नाही. साखरपाणी हे फुलोरा नसतानाचे खाद्य; तहान वेगळी. उन्हात माश्या पोळ्यावर पाण्याचे थेंब पसरून पंखांनी वारा घालतात, म्हणून अंडी-अळ्यांचा भाग ३४-३५ अंशांवर राहतो. शिवाय उघड्यावरच्या साखरपाण्याने दोन पेट्यांत लुटालूट सुरू होते, ती आवरणे कठीण.

बादली मात्र काढाच. तिच्या गुळगुळीत कडेवरून भिजलेल्या माशीला वर चढता येत नाही. मातीच्या परळात खडे भरा आणि त्यांची डोकी कोरडी राहतील एवढेच पाणी ओता. गोणपाटाचा तुकडा अर्धा पाण्यात, अर्धा काठावर सोडला तरी त्यातली ओल त्या चोखतात. परळ सावलीत ठेवा, पेटीच्या दारासमोर नको. येता-जाता माश्या विष्ठा टाकतात. पाणी रोज बदला, सुकू देऊ नका, नाहीतर त्या शेजाऱ्यांच्या रांजणावर जातील. फवारणीचा पंप आसपास धुऊ नका.

एवढे करूनही चार-दोन माश्या मेलेल्या दिसतील. घाबरू नका, पेटीत हजारो असतात.