दावा लावण्यापूर्वी एक अर्ज

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. पण मग वाद मिटवावा कसा? समजा, नल्लकुंट्यात सामाईक भिंतीवरून दोघा भावांत तंटा झाला. १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्यान्वये, दावा दाखल नसतानाही, एकास लोकअदालतीसाठी प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. अर्जात हकीकत, उभयतांचे पत्ते व मागणी लिहावी; दूषणे टाळावीत. दुसऱ्या पक्षासही आपली बाजू मांडण्याची संधी मिळते. तडजोड न जमल्यास कोर्टाचा मार्ग मोकळाच राहतो. जमल्यास मात्र तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असून त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी नीट विचार करावा, असे आम्ही सुचवितो. सणावारी दोन्ही घरची माणसे एका पंक्तीस बसावीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप.