भाग आणि पूर्ण : रुग्णाच्याच पेशींपासून नवी त्वचा



“फादर, प्रयोगशाळेत कातडी वाढवून माणसाला लावतात म्हणे. आपण कॅथलिकांनी असा उपचार घ्यावा का?” आजाऱ्यांच्या भेटीला गेलो की हा प्रश्न आमच्या कानी येतो. त्यात बरे होण्याची आशा असते, तशीच आपल्या हातून पाप तर घडणार नाही ना, ही धास्तीही असते. म्हणून आज या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

उपचार कसा होतो?

माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढविण्याची रीत जेम्स ऱ्हाइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी अमेरिकेत १९७५ साली शोधून काढली. १९८३ साली बॉस्टन येथे पाच व सहा वर्षांच्या दोन भावांना आणण्यात आले. त्यांचे अंग ९५ टक्क्यांहून अधिक भाजले होते. दुसऱ्याची त्वचा शरीर कायमची स्वीकारत नाही आणि स्वतःची तर जवळजवळ उरलीच नव्हती. डॉक्टरांनी त्यांच्या काखेतील न जळालेल्या त्वचेचे लहानसे तुकडे घेतले, त्यांतील पेशी वाढवून पातळ थर तयार केले आणि सुमारे निम्मे अंग त्यांनी झाकले. दोघेही वाचले.

आपल्या देशात चुना किंवा ऍसिड डोळ्यात जाऊन अनेकांची दृष्टी जाते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने अशा रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातील बुबुळाच्या कडेचा कण घेऊन पेशी वाढविल्या व इजा झालेल्या डोळ्यावर बसविल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार २०० पैकी १४२ रुग्णांत हा उपचार यशस्वी ठरला.

ख्रिस्तसभा काय सांगते?

भाग हा पूर्णासाठी असतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. सडलेला पाय कापून जीव वाचविणे योग्य आहे, ते याच कारणाने. रुग्णाच्या त्वचेचा तुकडा हा त्याच्या शरीराचा भाग आहे. तो त्याच्याच भल्यासाठी वापरला, तर कोणावरही अन्याय होत नाही. मानवी भ्रूण मात्र कोणाच्या शरीराचा भाग नाही. तो लहान असला तरी स्वतःच एक पूर्ण मानवी जीव आहे. दुसऱ्याला बरे करण्यासाठीही त्याचा साधन म्हणून नाश करता येत नाही.

‘डिग्निटास पर्सोने’ या २००८ सालच्या व्हॅटिकनच्या शिकवणुकीत हाच फरक केला आहे. प्रौढ शरीरातून किंवा जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तातून, कोणाला गंभीर इजा न करता, पेशी घेण्यास हरकत नाही. जिवंत भ्रूणाचा जीव घेऊन पेशी मिळविणे मात्र गंभीर अपराध आहे. म्हणजे पेशी वाढविण्यात पाप नाही. त्या कोणाच्या आणि कशा मिळविल्या, हा खरा प्रश्न आहे.

आशा ठेवा, पण डोळसपणे

योग्य उपचार नेहमी यशस्वी होतोच असे नाही. डॉ. अँथनी अटाला यांनी सात रुग्णांना त्यांच्याच पेशींपासून वाढविलेल्या ऊतींचा मूत्राशय बसविल्याचे २००६ साली जगाला कळले. मोठा गाजावाजा झाला. परंतु मुलांवर झालेल्या पुढच्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली आले, तेव्हा अपेक्षित सुधारणा दिसली नाही. उलट काहींना गंभीर त्रास झाला.

‘मूळपेशींनी सर्व काही बरे होते’ अशा जाहिराती पाहून कोणी जमीन वा दागिने विकू नयेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताचे काही ठरावीक आजार वगळता मूळपेशींचा वापर रीतसर चाचणीतच व्हायला हवा. दुःखी माणसाला खोटी आशा विकणे हाही त्याच्या प्रतिष्ठेचा अपमान आहे.

होकार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा :

१. पेशी कोणाच्या? कशा मिळविल्या?
२. हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असल्यास तिची नोंदणी झाली आहे का?
३. यापूर्वी किती जणांवर केला? किती जणांना गुण आला नाही?

उत्तरे समाधानकारक असतील, तर निःशंक मनाने उपचार घ्या. प्रभू येशूने आजाऱ्यांना स्पर्श करून बरे केले. बरे करणारे हात आजही त्याच्याच कार्यात सहभागी आहेत.