सहकुटुंब सायकल सहल : शेतीस एक जोडधंदा

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न कापूस, सोयाबीन व तूर या पिकांवर, म्हणजेच पावसावर अवलंबून असते. अशा शेतीस कृषी पर्यटनाची जोड देता येते. महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले असून केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. मुक्कामाच्या खोल्या बांधण्यास भांडवल लागते. एका दिवसाची सायकल सहल मात्र अल्प खर्चात सुरू करता येते. नांदगाव खंडेश्वर परिसरास ती सोयीची आहे.

मार्ग :— अमरावतीहून सकाळी आलेली कुटुंबे सायंकाळी परतू शकतात. खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरापासून आरंभ करून पांदण रस्त्यांनी दोन-तीन गावे दाखवावीत. मुले बरोबर असल्यास 10 ते 15 किलोमीटर अंतर पुरेसे होते. तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर सायकलीस मनाई आहे. वर्दळीचे इतर रस्तेही टाळावेत.

हंगाम :— पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल चाक व मडगार्ड यांत दाटून चाक फिरेनासे होते; उन्हाळ्यात तापमान 40 अंशांवर जाते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य होय. याच काळात कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांनी लगडते व हरभरा घाट्यावर येतो. पांदणीत बाभळीचे काटे असतात, यास्तव पंक्चर काढण्याचे साहित्य व पंप बरोबर ठेवावा. फवारणी झालेल्या शेतात पाहुण्यांना नेऊ नये.

जलविहार :— सहलीस होडीची जोड द्यावी असे अनेकांस वाटते. येथे मात्र सावधगिरी अत्यावश्यक आहे. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून 11 जणांचा मृत्यू झाला. ते परस्परांचे नातलग होते. होडी जितकी अरुंद, तितकी ती लवकर कलते. बसलेला मनुष्य उभा राहिला की भार वर सरकतो व तोल जातो; माणसे अधिक झाली की काठ पाण्यालगत येतो. म्हणून पुढील नियम कसोशीने पाळावेत :

1. वाहत्या नदीत व पावसाळ्यात होडी घालू नये. संथ तलावात काठाजवळच फिरवावी.
2. तलाव ज्यांच्या ताब्यात असेल त्यांची लेखी परवानगी घ्यावी.
3. पोहता येणाऱ्यासही जीवरक्षक जाकीट घातल्याविना बसू देऊ नये.
4. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस, मूलदेखील, अधिक घेऊ नये. कोणी उभे राहू नये.
5. वल्हविणारा तरबेज असावा व काठावर दोरासह दुसरा पोहणारा हजर असावा.

यांपैकी एकही अट पुरी होत नसेल तर होडीचा बेत सोडून द्यावा. केवळ सायकलीवरही सहल चांगली होते.

हिशेब :— दुपारी ज्वारीची भाकरी अथवा रोडगे, वांग्याची भाजी व तुरीच्या सोल्यांची आमटी द्यावी. धान्य घरचे असले तरी त्याची किंमत खर्चात धरावी. घरातील स्त्रियांचे स्वयंपाकाचे श्रम बहुधा हिशेबात येत नाहीत. ते मजुरीच्या दराने मांडावेत. सायकलींची दुरुस्ती व वाटाड्याचा मोबदलाही वजा करावा. इतके करून जे उरेल तोच खरा नफा होय. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम एका हंगामाचा असा हिशेब शेतकऱ्याकडून लिहून घ्यावा व मगच नव्या सायकलींसाठी कर्ज काढण्याचा सल्ला द्यावा.